पायांसाठी कार्बन डायऑक्साइड स्नान घरच्या घरी: नाशिककरांनी सुरुवात कशी करावी

गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे पळणारे, रविवारी सायकलवर त्र्यंबक गाठून येणारे, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करणारे आणि मेनरोडवर काउंटरमागे दिवसभर उभे राहणारे, या सगळ्यांची संध्याकाळी एकच तक्रार असते: पाय. २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण करणारे महाजन बंधू या शहरातले. तेव्हापासून सायकल दामटणाऱ्यांची संख्या इथे वाढतच गेली आहे, आणि दमलेल्या स्नायूंना आराम कसा द्यायचा हा विषयही गप्पांमध्ये नेहमी निघतो. त्यात आता कार्बन डायऑक्साइडच्या स्नानाची भर पडली आहे. व्हिडिओत भरलेला टब आणि फसफसणारं पाणी दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की आपणही आज रात्री करून बघावं.

जरूर करून बघा, पण टबापासून सुरुवात करू नका. पायांपासून करा, आणि बाथरूममध्ये न करता गॅलरीत किंवा अंगणात करा. हे मी इतक्या आग्रहाने का सांगतोय ते पुढे आकडे मांडले की कळेल. आधी हा प्रकार काय आहे ते बघू.

युरोपात कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या नैसर्गिक झऱ्यांवर आरोग्यकेंद्रं उभी राहिली. जर्मनीतलं बाड नाउहाइम हृदयाच्या रुग्णांसाठी एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेलं आहे. फ्रान्समधलं रॉयात पायांच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठी ओळखलं जातं. जपानमध्ये ओइता प्रांतातलं नागायू गाव अशाच झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या नियमाप्रमाणे 'उपचाराचा कार्बोनेटेड झरा' म्हणवून घ्यायचं तर एका किलो पाण्यात किमान १००० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असावा लागतो. घरच्या टबात टाकायच्या फसफसत्या वड्या जपानच्या काओ कंपनीने १९८३ साली बाजारात आणल्या आणि तिथे त्या घरोघरी पोचल्या. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीला लोक जातात ते गरम पाण्याच्या कुंडांसाठी. तो प्रकार वेगळा, त्याची आणि याची गल्लत करू नका.

पाण्यात विरघळलेला हा वायू त्वचेतून थोडा आत शिरतो. आपले स्नायू काम करतात तेव्हाही कार्बन डायऑक्साइडच तयार होतो, आणि तो वाढला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, जास्त रक्त येऊ देतात. स्नानाच्या वेळी हाच निरोप त्वचेकडून मिळतो. त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो हे अनेकदा मोजून दाखवलेलं आहे. दुसरी गंमत अशी की हा वायू असलेलं पाणी आहे त्यापेक्षा उबदार वाटतं. म्हणून ३४-३५ अंश सेल्सिअसचं कोमट पाणीही पुरतं, कढत पाण्याने येणारा थकवा टळतो.

खोलवरच्या स्नायूंचं काय? तिथे मी जपून बोलेन. कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्त ऑक्सिजन लवकर सोडतं, हे डेन्मार्कच्या ख्रिस्तियान बोर यांनी १९०४ साली दाखवलं, आणि त्याच्या आधारावर 'पायाला ऑक्सिजनचा डोस' असे दावे केले जातात. पाय हलके वाटतात, ऊब टिकते, झोप बरी लागते असं बऱ्याच जणांचं म्हणणं असतं. पण दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखणारच नाहीत, अशी हमी कोणी दिली तर विश्वास ठेवू नका. हा आराम आहे. नीट झोप, पुरेसं पाणी आणि पोटभर जेवण यांची जागा तो घेत नाही.

आधी हवेचा हिशोब

या लेखातला हा भाग घाईने ओलांडू नका.

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा साधारण दीडपट जड आहे. तो खाली साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. बाहेरच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा ०.५ टक्के धरतात. तीन ते पाच टक्क्यांना धाप लागते, डोकं दुखतं, छाती धडधडते. त्याच्या वर गेलं तर माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि ४ टक्के ही जिवाला तात्काळ धोका असलेली पातळी मानली जाते.

नाशिककरांना हे नवीन नसावं. द्राक्षाचा रस आंबताना १८० ग्रॅम साखरेमागे तब्बल ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे वायनरीत आंबवणीच्या टाकीत हवा तपासल्याशिवाय कुणी उतरायचं नसतं. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची खेड्यातली रीतही याच भीतीतून आलेली. मात्र बाथरूममध्ये मेणबत्ती लावून 'विझली नाही, म्हणजे हवा ठीक आहे' असं ठरवू नका. ज्योत विझायच्या कितीतरी आधी माणूस अडचणीत येतो.

आता आपल्या बाथरूमचं गणित. पाच फूट बाय सात फूट, उंची आठ फूट, म्हणजे सुमारे ८००० लिटर हवा. घरी हा वायू खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) पाण्यात एकत्र करून काढायचा. पायांच्या टबासाठी मी पुढे ५० ग्रॅम सोड्याचं माप देणार आहे. त्यातून २६ ग्रॅम, म्हणजे साधारण १५ लिटर वायू तयार होतो. सगळाच्या सगळा बंद बाथरूममध्ये सुटला तरी ०.२ टक्क्यांच्या आत. पण तेवढंच तीव्र पाणी १५० लिटरच्या टबात करायचं म्हटलं तर सव्वासहाशे ग्रॅम सोडा लागेल आणि १८० लिटरच्या आसपास वायू निघेल. म्हणजे सव्वादोन टक्के, आणि तेही तो खोलीभर सारखा पसरला तर. तो सारखा पसरत नाही, पाण्याच्या पृष्ठभागावर साचतो, आणि टबात पडून राहणाऱ्याचं नाक नेमकं तिथेच असतं. पाय बादलीत आणि डोकं खुर्चीच्या उंचीवर असेल तर हा धोका जवळपास उरतच नाही. गॅलरीत बसलात तर उरलेलाही जातो.

म्हणूनच ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आणि या वायूचा सिलिंडर हे दोन्ही घरात वर्ज्य. २८ फेब्रुवारी २०२० रोजी मॉस्कोत एका वाढदिवसाच्या पार्टीत तरणतलावात ड्राय आइस टाकला गेला आणि तीन माणसं दगावली. उणे ७८ अंशांचा तो बर्फ त्वचा जाळतो ते वेगळंच. सोडावॉटरवाल्याकडचा सिलिंडर आणून पाण्यात नळी सोडायची कल्पना कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. वायू किती सुटला याचं मोजमाप आपल्या हाती राहत नाही. सोडा आणि लिंबूसत्वाचा मोठा गुण हाच की जेवढं मोजून टाकलं, वायू तेवढाच निघणार.

आणि गॅस गीझर. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली उतरला की नाशकातही लोक बाथरूमची खिडकी गच्च लावून आत गीझर चालू ठेवतात. अपुऱ्या ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वेगळा आणि कितीतरी जास्त विषारी वायू आहे. रक्तातली ऑक्सिजनची जागाच तो बळकावतो, आणि त्याने दरवर्षी माणसं जातात. पाणी भरून घ्या, गीझर बंद करा, बादली बाहेर आणा. चालू गॅस गीझरच्या खोलीत कुठलंही लांबलचक स्नान नको, फसफसतं असो वा साधं.

कोणी करू नये

हृदयाची कमजोरी, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, फार कमी रक्तदाब, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, गरोदरपण, ताप: या सगळ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. युरोपात हृदयरुग्णांना हे स्नान देतात खरं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पायाला जखम, चिखल्या, भेगांतून रक्त येणं असेल तर थांबा, आम्लाचं पाणी झोंबेल. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखत असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथे बादली नको, त्याच दिवशी दवाखाना.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण 'साखरेच्या पायांना हे चांगलं' असं ऐकून तेच आधी पुढे येतात. पायाची जाणीव कमी झाली असेल तर पाणी किती गरम आहे ते कळतच नाही आणि पाय भाजतो. आधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. परवानगी मिळाली तरी पाण्याचं तापमान घरातल्या दुसऱ्या माणसाने थर्मामीटरने बघायचं, आणि नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळवे नीट पाहायचे.

सामान

खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. दोन्ही मोठ्या किराणा दुकानात सुटं मिळतं, लिंबूसत्व सरबत-पाकासाठी ठेवलेलं असतं. खाण्यायोग्य प्रतीचंच घ्या. सोडा मागताना 'खाण्याचा' हा शब्द ठासून म्हणा. धुण्याचा सोडा तीव्र अल्कली आहे, त्वचेला चालत नाही. इनोची पुडी याच दोन घटकांवर फसफसते, पण ती ५ ग्रॅमची. एका बादलीला वीसेक पुड्या लागतील, त्यापेक्षा सुटा सोडा परवडतो. मॉलमधले बाथ बॉम्ब मुख्यतः सुगंधासाठी असतात, त्यांच्याकडून या परिणामाची अपेक्षा नको.

स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर उत्तम. नसेल तर चहाचा एक सपाट चमचा साधारण ५ ग्रॅम धरा. तापमानासाठी ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर चालतो. बहुतेक ३२ ते ४२ अंश मोजतात, आपल्याला तेवढंच हवं. पाणी किती आंबट आहे ते सांगणारा आकडा, म्हणजे पीएच, मोजायच्या कागदी पट्ट्या मिळाल्या तर घ्या, नाही मिळाल्या तरी अडत नाही.

भांडं प्लास्टिकचं. दोन्ही पाय शेजारी-शेजारी सपाट बसतील आणि पाणी पोटरीच्या अर्ध्यापर्यंत येईल असा टब बघा. ॲल्युमिनियमचं पातेलं, तांब्याचं घंगाळ, लोखंडी घमेलं वापरू नका, आम्ल धातूला लागतं. शहाबादी किंवा संगमरवरी फरशी असेल तर खाली जुनी चटई अंथरा. हे दगड चुन्याचे, लिंबूसत्वाचे थेंब पडले की डाग कायमचा.

प्रत्यक्ष कृती

पहिल्या खेपेला निम्मं माप घ्या: १२ लिटर पाण्याला २५ ग्रॅम सोडा आणि ३० ग्रॅम लिंबूसत्व. त्वचेला खाज किंवा जळजळ झाली नाही, तर पुढच्या वेळी ५० आणि ६०. त्याहून वाढवून उपयोग नाही. ३५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम एक ग्रॅमभर वायू मावतो, बाकीचा उडून जातो. पाणी जितकं गरम तितका वायू कमी टिकतो, म्हणूनही कढत पाणी नको.

लिंबूसत्व सोड्यापेक्षा थोडं जास्त का, हा प्रश्न हमखास येतो. शाळेतल्या समीकरणाप्रमाणे ते सोड्यापेक्षा कमी पुरायला हवं. पण सोडा जास्त झाला की पाणी अल्कधर्मी राहतं आणि वायू मोकळा न राहता बायकार्बोनेट म्हणून अडकून बसतो. त्वचेतून जातो तो मोकळा वायू. पाणी किंचित आंबट, पीएच ५ ते ६ च्या मधे असलं की काम होतं. पट्टी साडेसहाच्या वर दाखवत असेल तर चिमूट-चिमूट लिंबूसत्व वाढवा.

खुर्ची गॅलरीत, गच्चीवर, ओट्यावर किंवा उघड्या खिडकीजवळ ठेवा. घरात कुणीतरी असू द्या. पैंजण, जोडवी काढून ठेवा. पाय आधी साबणाने धुऊन, नीट खळबळून घ्या. तेलकट पायांवर बुडबुडे धरत नाहीत.

टबात ३६ अंशांचं पाणी घ्या, बसेपर्यंत ते एखाद अंशाने उतरतंच. सोडा टाका आणि तळाशी कण राहणार नाहीत इतका ढवळा. ढवळायचं ते इथेच, यानंतर पाणी हलवायचं नाही.

लिंबूसत्व वरून भुरभुरलं तर सगळा वायू मोठ्या बुडबुड्यांनी वर येऊन हवेत जातो. दिसायला छान, पण पायांसाठी फुकट. त्यापेक्षा पातळ सुती कापडात त्याची पुरचुंडी बांधा, आत एक स्टीलचा चमचा वजनाला घाला आणि अलगद तळाशी सोडा. वरून ताट झाका. खडे हळूहळू विरघळतात, बुडबुडे बारीक निघतात आणि बराच वायू वर पोचायच्या आधी पाण्यातच विरतो. काही मिनिटांनी पुरचुंडी पाण्याखालीच हलकी दाबून बघा. खडे लागत नसतील तर काढून घ्या. अर्धवट विरघळलेली पुरचुंडी पायाला टेकून ठेवू नका, तिथे आम्ल फार तीव्र असतं.

आता पाय हळू सोडा आणि स्वस्थ बसा. मिनिटाभरात त्वचेवर मोत्यांच्या पुडासारखा बारीक बुडबुड्यांचा थर चढतो. तो पुसू नका, पाय एकमेकांवर घासू नका. पाणी कोमट असूनही आतून ऊब आल्यासारखं वाटू लागेल. पहिल्यांदा १० मिनिटं, सवय झाल्यावर १५, फार तर २०. त्यानंतर पाण्यातला वायू तसाही बराच कमी झालेला असतो.

परिणाम झाला की नाही ते कसं ओळखायचं? पाय बाहेर काढल्यावर पाण्याच्या रेषेखालची त्वचा लालसर आणि वरची नेहमीसारखी, अशी स्पष्ट सीमा दिसते. व्हिडिओतल्या गोऱ्या पायांवर ती लांबूनही कळते. आपल्या सावळ्या-काळ्या पायांवर दिसेलच असं नाही. तळवा, टाच आणि नखांखालचा रंग पाहा, किंवा एक पाय बाहेर ठेवून दोन्हींची ऊब हाताने ताडून बघा. काहीच फरक नसेल तर बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: पाणी फार गरम होतं, लिंबूसत्व कमी पडलं, किंवा पाणी ढवळलं गेलं.

डोकं जड वाटलं, धाप लागली, चक्कर आली, तर पाय बाहेर काढून मोकळ्या हवेत जा. 'आणखी दोनच मिनिटं' असं करू नका. उठताना एरवीही हळू उठा. रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, त्यामुळे झटकन उभं राहिलं की अंधारी येऊ शकते.

झाल्यावर पाय साध्या पाण्याने विसळा, टिपून कोरडे करा. नाशकातल्या कोरड्या हिवाळ्यात त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवणं चांगलं. वीस मिनिटं आडवं व्हा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, आणि रोज करायचं वाटत असेल तर आधी महिनाभर त्वचा कोरडी पडते का ते पाहा.

कधी करावं? जोरदार पळून किंवा घाट चढून आल्याबरोबर लगेच नको. श्वास ताळ्यावर येऊ द्या, पाणी प्या, काहीतरी खा, मग तासाभराने बसा. रात्री झोपण्याआधीची वेळ मला सगळ्यात योग्य वाटते. दारू घेतली असेल त्या दिवशी हे करू नका. दोन्हींनी रक्तदाब उतरतो.

उरलेलं पाणी मोरीत ओता, कुंड्यांना घालू नका, त्यात सोडियम बरंच असतं. सोडा आणि लिंबूसत्व वेगवेगळ्या कोरड्या बरण्यांत ठेवा. एकत्र कालवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलं आणि ओल लागली, तर वायूच्या दाबाने बरणी फुटू शकते. पावसाळ्यात हे हमखास होण्याजोगं आहे, म्हणून मिश्रण करायचं ते त्याच दिवशी, टबात.

घरात खरोखरच मोठा टब असेल तर

महिनाभर पायांचं स्नान नीट जमलं, काही त्रास झाला नाही, तरच हा विचार करा. खिडकी उघडी, एक्झॉस्ट पंखा चालू, दार किलकिलं, आणि बाहेर हाका ऐकू येतील एवढ्या अंतरावर माणूस. पाणी बरगड्यांपर्यंतच घ्या, पाठ सरळ ठेवून बसा, पडून राहू नका, डोळा लागू देऊ नका. सोडा सुरुवातीला २०० ग्रॅमच्या वर नको, त्याला लिंबूसत्व २४० ग्रॅम. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं, ते टबाच्या काठावर, आपल्या नाकाच्या उंचीला ठेवा. आकडा ५००० पीपीएम, म्हणजे ०.५ टक्के झाला की बाहेर या. टबाच्या तळाशी जड वायू नंतरही साचून राहतो, म्हणून पाणी सोडल्यावर पंखा आणखी अर्धा तास चालू ठेवा, आणि तोवर घरातली लहान मुलं, मांजर-कुत्रं त्या बाथरूममध्ये जाणार नाहीत असं बघा.